दादाने न पाठवलेली फाईल

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली. मॅगझिनच्या एडिटरला मी विचारलं, "इंग्लिश सेक्शनमध्ये देऊ का लेख?" तर तो म्हणाला, "तिकडे जागा संपली." हा लेख मराठीत असण्याचं खरं कारण हे आहे! ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत, त्यामुळे चुका सापडल्या तर त्या तिच्या. बाकी सगळं माझं.

तर गोष्ट माझ्या टी.ई.च्या सेमिनारची. विषय निवडताना सगळ्यांनी रोबोट, इलेक्ट्रिक गाड्या आणि ड्रोन पळवले. मला काहीतरी वेगळं हवं होतं. सुट्टीत नाशिकला मामाकडे गेलो होतो, तेव्हा मामा लासलगावच्या कांद्याबद्दल बोलता बोलता म्हणाला, "तिथे कांद्याला रेडिएशन देतात, माहितीये का?" मला वाटलं मामा फेकतोय. घरी येऊन पाहिलं तर खरंच! भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बी.ए.आर.सी.ने, २००२ साली लासलगावला 'कृषक' नावाचं केंद्र सुरू केलं. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोर माल फिरवतात. कांद्याला कोंब फुटत नाहीत, आंब्यातली किडीची पिढी पुढे वाढत नाही. २००७ साली आपला हापूस अमेरिकेत जायला लागला तो इथेच किरण खाऊन. हापूसला किमान ४०० ग्रे डोस द्यायचा, अशी अमेरिकेची अट आहे. ही हापूसची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मी विषय ठरवला : अशा खोलीची भिंत किती जाड हवी?

सोपं वाटलं होतं हो! पुस्तकात एक सूत्र आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ एम.ई.व्ही.चे. साध्या काँक्रीटमधून जाताना साधारण ५.३ सें.मी.ला ते निम्मे होतात. म्हणजे अशा दहा थरांत, ५३ सें.मी.मध्ये, १०२४ पैकी १ उरतो. झालं की! पंधरा मिनिटांत सेमिनार संपला.

मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "आणि जे किरण आपटून वाकडे झाले, ते कुठे गेले? भिंतीत मुक्कामाला राहिले का?"

बरोबर होतं त्यांचं. सूत्र फक्त सरळ पार झालेले किरण मोजतं. पण गॅमा किरण इलेक्ट्रॉनवर आपटतो, थोडी ऊर्जा गमावतो, दिशा बदलतो आणि तरीही पलीकडे पोचू शकतो. एवढ्या जाड भिंतीत हे उशिरा पोचणारे पाहुणे धरले, तर पलीकडचा डोस सूत्रातल्या आकड्याच्या कित्येक पट होतो. भिंत कमी जाड बांधली तर पलीकडे उभा असलेला ऑपरेटर माणूस आहे, मार्कांचा प्रश्न नाही. मॅडम म्हणाल्या, "हे नीट करायचं तर एम.सी.एन.पी. लागेल. जगभर तेच वापरतात. बघ मिळतंय का."

मी गेले डाऊनलोड करायला. डाऊनलोडचं बटणच नाही! त्याऐवजी एक अर्ज. त्यात नाव, संस्था, नागरिकत्व, कशासाठी हवं, कोणाच्या देखरेखीखाली वापरणार.... मला वाटलं मी चुकून व्हिसाच्या खिडकीवर आले.

पेनड्राइव्ह आणि दादा

अडलेल्या माणसाला रस्ते सुचवणारे खूप भेटतात. एका ओळखीच्या सीनियरने हळूच सांगितलं, "माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये आहे. जुनं व्हर्जन आहे, पण चालतं. कोणाला सांगू नकोस." शेवटचं वाक्य ऐकून पोटात गोळा आला, म्हणून मी "बघते" म्हणून सटकले.

मग आठवला दादा. माझा मावसभाऊ. अमेरिकेत न्यूक्लिअर इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करतोय आणि रोज उठून हेच सॉफ्टवेअर वापरतो. मला सायकल शिकवणारा, बावधनच्या राम नदीच्या पुलावर मला कणीस घेऊन देणारा दादा. मी मेसेज टाकला : "दादा, ती फाईल पाठव ना. सबमिशन पंधरा दिवसांवर आलंय."

उत्तर आलं : "नाही पाठवता येणार गं. सॉरी."

मी फोन केला. म्हटलं, "अरे, मी काय बॉम्ब बनवणार आहे का? कांद्याच्या खोलीची भिंत आहे!" तो म्हणाला, "मला माहितीये. पण लायसन्स माझ्या नावावर आहे. मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलालाही देऊ शकत नाही, तुला तर दुसऱ्या देशात. ही निर्यात होते." मी म्हटलं, "निर्यात? तू काय कंटेनर पाठवतोयस?" आणि रागाने फोन ठेवला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढीशी फाईल, त्याचं काय जात होतं?" आईने मावशीला फोन केला. मावशीने दादाला. रविवारी तीन घरांत एकच विषय होता आणि त्यात कोणालाच गॅमा किरण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दादा आणि मी दोन आठवडे बोललो नाही. दोन आठवडे! असं कधीच झालं नव्हतं.

त्या रागात मी ठरवलं की दादाला खोटं पाडायचं. त्यासाठी नियम वाचायला बसले. वाचत गेले आणि हळूहळू खोटी मीच पडले. काय वाचलं ते सांगते.

चांदणी चौकातला फासा

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय? आपल्या चांदणी चौकाचं उदाहरण घेऊ. नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला तरी नवखा माणूस तिथे आजही गोंधळतो. समजा मुंबईकडून एक गाडी आली. तिच्यापुढे रस्ते अनेक : कोथरूड, मुळशी, बावधन-पाषाण, एन.डी.ए. किंवा सरळ साताऱ्याकडे. ती कुठे वळेल हे नक्की सांगता येत नाही, पण शंभरातल्या साधारण किती कुठे वळतात हे मोजता येतं. मग एक फासा टाकायचा. फासा म्हणाला मुळशी, तर गाडी मुळशीकडे. पुढच्या फाट्यावर परत फासा. अशा दहा लाख गाड्या सोडल्या की बावधनमध्ये किती पोचल्या ते मोजायचं. एका गाडीबद्दल काहीच ठाऊक नसताना गर्दीबद्दल बरंच अचूक उत्तर मिळतं.

गाडीच्या जागी न्यूट्रॉन किंवा गॅमा किरण ठेवा, चौकाच्या जागी अणू. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणितज्ञ आजारपणातून उठत असताना एकट्यानेच पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढत बसण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलं तर? असा विचार त्यांच्या डोक्यात आला. जॉन फॉन नॉयमन यांनी तो उचलला आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी त्याला जुगाराच्या गावाचं नाव दिलं. कुठे घडलं हे? लॉस अलामॉसमध्ये, जिथे पहिला अणुबॉम्ब तयार झाला. एम.सी.एन.पी. त्याच प्रयोगशाळेत वाढलेलं अपत्य.

आता अडचण दिसते का? फाशाला माहीत नसतं की तो कांद्याच्या खोलीची भिंत मोजतोय, कॅन्सरच्या पेशंटचा डोस मोजतोय, अणुभट्टी मोजतोय की आणखी काही. इनपुट फाईल बदलली की उद्देश बदलला. चाकूसारखंच आहे, पण चाकू विकताना दुकानदार नागरिकत्व विचारत नाही. इथे विचारतात, कारण भाजी चिरण्यापलीकडचं टोक फार भयानक आहे.

भारताचं नाव का अडतं?

हा भाग वाचताना मला राग आला होता, तुम्हालाही येईल.

१९६३ साली भारत आणि अमेरिकेचा करार झाला आणि १९६९ मध्ये आपल्या तारापूरला अमेरिकन बनावटीची अणुभट्टी सुरू झाली. मग मे १९७४ मध्ये पोखरणची पहिली चाचणी झाली. त्यानंतर अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन आपला गट केला, तोच न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप. १९७८ साली अमेरिकेने कायदा कडक केला आणि तारापूरचं इंधन अडलं. पुढे ते फ्रान्सकडून मिळालं. मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या, आणि त्या वर्षअखेरीस अमेरिकेने भारतातल्या कितीतरी संस्थांची नावं आपल्या 'एन्टिटी लिस्ट'मध्ये टाकली. त्या यादीतल्या संस्थेला वस्तू पाठवायची तर वेगळी परवानगी. बी.ए.आर.सी. त्यात होतीच.

सप्टेंबर २००८ मध्ये सप्लायर्स ग्रुपने भारताला सूट दिली, ऑक्टोबरमध्ये १२३ करारावर सह्या झाल्या. आपल्याला वाटलं, संपलं! पण करार झाला म्हणजे दार उघडलं, आतल्या प्रत्येक कपाटाची चावी मिळाली असं नाही. बी.ए.आर.सी., कल्पाक्कमची इंदिरा गांधी अणुसंशोधन संस्था आणि इंडियन रेअर अर्थ्स ही नावं एन्टिटी लिस्टमधून निघाली जानेवारी २०२५ मध्ये. करारानंतर सोळा वर्षांनी!

तीन खिडक्या

अमेरिकेत यासाठी एक नाही, तीन खिडक्या आहेत. अणुभट्टीची यंत्रं आणि इंधन यासाठी त्यांचं अणु-नियामक मंडळ. दोन्हीकडे वापरता येणाऱ्या वस्तू आणि सॉफ्टवेअरसाठी वाणिज्य खातं. आणि अणुतंत्रज्ञान, म्हणजे ज्ञान, मदत, डिझाईन, यासाठी ऊर्जा खातं. या तिसऱ्या खिडकीच्या नियमाला 'भाग ८१०' म्हणतात. त्यात एक यादी आहे : या देशांना सर्वसाधारण परवानगी, वेगळा अर्ज नको. २०१५ साली हा नियम नव्याने लिहिला तेव्हा १२३ करार असूनही भारत त्या यादीत आला नाही. चीन आणि रशियाही नाहीत. म्हणजे भारतासाठी दरवेळी खास अर्ज.

आणि सगळ्यात धक्कादायक गोष्ट : निर्यात व्हायला वस्तूने सीमा ओलांडावीच लागते असं नाही. अमेरिकेतल्या लॅबमध्ये बसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नियंत्रित तंत्रज्ञान दाखवलं, तरी ती त्याच्या देशाला केलेली निर्यात मानतात. याला 'डीम्ड एक्सपोर्ट' म्हणतात. म्हणजे दादा तिकडे बसून स्क्रीनकडे बघतो तेव्हाही कायद्याच्या नजरेत भारत बघत असतो! त्याने स्वतःचं लायसन्स मिळवताना नागरिकत्व लिहिलं, गाइडची माहिती दिली, महिनोन्‌महिने वाट बघितली. आणि मी म्हणत होते, "पाठव ना, एवढंसं तर आहे."

या सगळ्याचं मोठं उदाहरण आपल्याच पुण्यात आहे. होल्टेक इंटरनॅशनल ही अमेरिकन कंपनी छोट्या अणुभट्ट्यांचं डिझाईन करते. संस्थापक क्रिस सिंग हे मूळचे भारतीय. तिची 'होल्टेक एशिया' ही शाखा पुण्यातून काम करते. एकाच कंपनीचं इकडचं ऑफिस आणि तिकडचं ऑफिस! तरी अमेरिकेतल्या इंजिनिअरने पुण्यातल्या इंजिनिअरला अणुभट्टीचं डिझाईन पाठवायचं तर भाग ८१० ची परवानगी हवी. ती मिळाली २६ मार्च २०२५ ला. तीही तीन नावांपुरती : होल्टेक एशिया, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि लार्सन अँड टुब्रो. या तिघांनी ती माहिती भारतातल्या चौथ्या कोणालाही लेखी संमतीशिवाय द्यायची नाही, आणि वापर शांततेच्या कामासाठीच. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जर "चौथ्याला देऊ नका" असं लिहून द्यावं लागतं, तर माझ्या दादाने काय वेगळं केलं होतं?

आणि फक्त तेच असं करतात असं समजू नका. आपल्याकडेही 'स्कोमेट' नावाची यादी आहे. तिच्यातला पहिला विभाग, शून्य क्रमांकाचा, अणुसाहित्य आणि त्याच्या तंत्रज्ञानाचा. त्यातलं काही भारताबाहेर पाठवायचं तर अणुऊर्जा विभागाची परवानगी लागते. उद्या पुण्यातल्या एखाद्या कंपनीत नोकरी करताना मीसुद्धा कोणालातरी "नाही पाठवता येणार" असं म्हणणार आहे.

अर्ज कसा होतो

ज्यांना खरंच हे सॉफ्टवेअर लागणार आहे (एम.टेक., पीएच.डी. वाले, ऐकताय ना?) त्यांच्यासाठी थोडक्यात :

१) एम.सी.एन.पी., स्केल वगैरे अमेरिकन कोड वाटण्याचं काम ओक रिज प्रयोगशाळेतलं आर.एस.आय.सी.सी. हे केंद्र करतं. नाव लांबलचक आहे, पण काम सरळ : रेडिएशनची सॉफ्टवेअर गोळा करणं, तपासणं, देणं.

२) लायसन्स माणसाला मिळतं, कॉम्प्युटरला किंवा कॉलेजला नाही. एका लॅबमध्ये पाच जण वापरणार असतील तर अर्ज पाच. गाइडकडे आहे म्हणून विद्यार्थ्याला आपोआप मिळत नाही.

३) अर्ज संस्थेच्या ई-मेलवरून करायचा. काम काय, कोणत्या प्रोजेक्टसाठी, गाइड कोण, नागरिकत्व कोणतं, हे खरं खरं लिहायचं. "फॉर स्टडी पर्पज" हे दोन-तीन शब्द पुरत नाहीत. कोणती भिंत, कोणता स्रोत, कोणता प्रश्न, ते लिहा.

४) नुसता चालणारा प्रोग्रॅम आणि त्याचा सोर्स कोड ही दोन वेगळी मागणी असतात. सोर्स कोड लागत नसेल तर मागू नका. जास्त मागितलं की जास्त प्रश्न येतात.

५) वेळ लागतो. आठवडे, कधी महिने. आणि हो म्हणतीलच असं नाही. त्यामुळे सबमिशनच्या पंधरा दिवस आधी अर्ज करणारी माझ्यासारखी हुशार मुलगी काही कामाची नाही.

६) दुसरी खिडकी पॅरिसजवळची, एन.ई.ए. डेटा बँक. पण ती तिच्या सदस्य देशांसाठी. भारत सदस्य नाही. सदस्य नसलेल्या देशांसाठी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत, म्हणजे आय.ए.ई.ए.मार्फत, काही कोड मागवण्याची सोय केलेली आहे. हा अर्जसुद्धा संस्थेमार्फतच होतो.

मग पेनड्राइव्हचं काय?

प्रामाणिकपणे सांगते, नियम वाचूनही मन एकदा म्हणालं, "घे ना, कोण बघतंय!" पण तीन गोष्टी डोक्यात बसल्या.

पहिली, ते वापरून मिळालेला आकडा मी कुठे छापणार? पेपरमध्ये व्हर्जन लिहावं लागतं. व्हायवाला कोणी विचारलं, "लायसन्स कोणाच्या नावावर?" तर काय सांगणार?

दुसरी, ती फाईल कोणी, कधी, काय बदलून कॉपी केली ते मला माहीत नाही. भिंतीच्या जाडीचा हिशोब अशा आकड्यावर करायचा? अमुक व्हर्जनमध्ये अमुक चूक होती, ती दुरुस्त केली, हे कळवणारा निरोप लायसन्सवाल्याला येतो. पेनड्राइव्हवाल्याला येत नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ती फाईल कधीतरी कोणाच्यातरी नावावर होती. कोणीतरी सही केली होती की मी ही दुसऱ्याला देणार नाही. ती सही मोडली तेव्हाच ती त्या पेनड्राइव्हमध्ये आली. उद्या भारतातून दुसऱ्या कोणी मुलीने अर्ज केला, तर समोरचा माणूस मनात हेच म्हणणार ना, "यांना दिलं की गल्लोगल्ली फिरतं"? दादा म्हणत होता ते हेच. लायसन्स म्हणजे वस्तूची पावती नाही. ते एका माणसावर, एका कामासाठी ठेवलेल्या विश्वासाचं नाव आहे. फाईल कॉपी होते, विश्वास कॉपी होत नाही.

मग अन्यायाचं काय? आहे, अन्याय आहे. माझ्या देशाने १९७४ साली काय केलं याचं उत्तर मी, वीस वर्षांची मुलगी, एका अर्जात का द्यावं? पण अन्यायाला उत्तर देण्याची दुसरी रीतही आपल्याकडे आहे, आणि तीही माझ्या घराजवळच. बावधनहून पाषाणला जाताना सी-डॅकचं संकुल लागतं. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे सुपर कॉम्प्युटर हवे होते. हवामानासाठी एक मिळाला, तोही अटींवर. त्याहून ताकदवान मात्र मिळेना. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये विजय भटकर सरांच्या टीमने 'परम ८०००' उभा केला. त्यांनी कोणाचा क्रे चोरला नाही. बाजारात खुलेपणाने मिळणारे छोटे प्रोसेसर एकत्र जोडले. बंद दाराला लाथ मारण्यापेक्षा शेजारची उघडी खिडकी शोधली.

उघडी खिडकी

मीपण शोधली, आणि सापडली!

नियंत्रण असतं ते विशिष्ट सॉफ्टवेअरवर आणि तंत्रज्ञानावर. सर्वांसाठी प्रसिद्ध केलेलं ज्ञान या नियमांच्या बाहेर राहतं. पदार्थविज्ञान कोणाच्या नावावर नाही. कोणता किरण कोणत्या अणूवर किती वेळा आपटतो याचे तक्ते, ज्यांना क्रॉस-सेक्शन म्हणतात, ते बव्हंशी खुले आहेत. म्हणजे चांदणी चौकात कोण किती वळतं ती आकडेवारी खुली आहे, फक्त फासा टाकणारा प्रोग्रॅम हवा.

तोही आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनी २०११ पासून 'ओपन-एम.सी.' लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी मोफत खुला केला. अर्ज नाही, नागरिकत्व नाही. गॅमा किरणांचं गणितही त्यात येतं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेशी जोडलेला 'जीअँट-फोर' असाच खुला आहे, मेडिकल फिजिक्सवाले तो खूप वापरतात. आय.ए.ई.ए.नेही अशा खुल्या कोडसाठी 'ऑनकोर' नावाचा उपक्रम चालवला आहे. म्हणजे खुद्द या क्षेत्रातल्या लोकांनाच कळलंय की सगळं कुलपात ठेवलं तर शिकणार कोण?

मी आधी स्वतःच पायथनमध्ये साठ-सत्तर ओळींचा फासा लिहिला. एक गॅमा, एक भिंत, आपटला की दिशा बदल, ऊर्जा कमी कर, पुढे चल. पहिल्या रात्री किरण भिंतीतून उलटे येऊन स्रोतावरच आदळत होते कारण मी अंशांच्या जागी रेडियन विसरले होते! चौथ्या दिवशी चाललं. मग ओपन-एम.सी. लिनक्सवर चढवला. तीच भिंत, तेच ५३ सें.मी. काँक्रीट. पलीकडचा डोस हाताने काढलेल्या आकड्याच्या कित्येक पट आला आणि पुस्तकातल्या तक्त्याशी जवळपास जुळला. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कळलं पाहुणे कुठे गेले होते?"

खरं सांगू? एम.सी.एन.पी. पंधरा मिनिटांत मिळालं असतं तर मी बटण दाबून आकडा उतरवला असता. आत काय चालतं ते आयुष्यात कळलं नसतं. म्हणून नियम चांगले असं मी म्हणत नाही. ज्याला खऱ्या अणुभट्टीवर काम करायचंय त्याला ते कोड लागतातच, आणि त्याचे सहा महिने वाट बघण्यात जातात, हे नुकसानच आहे. पण त्याने समोरच्या दाराने जावं आणि आपण शिकणाऱ्यांनी उघड्या खिडकीतून. मागच्या दाराने कोणीच नको.

सेमिनार झाल्यावर मी दादाला फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तो "बोल गं" म्हणाला आणि मी सगळं विसरले. शेवटी म्हटलं, "दादा, ती फाईल नको मला. आणि सॉरी." तो हसला. म्हणाला, "तुझ्या ओपन-एम.सी.ची इनपुट फाईल पाठव. ती मला बघता येईल." मी पाठवली. त्याने दोन चुका काढल्या. सायकल शिकवतानाही असाच करायचा, आधी पडू द्यायचा, मग सांगायचा.

फोन ठेवताना तो म्हणाला, "इथे हापूस मिळाला यावर्षी. महाग होता, पण घेतला." मी म्हटलं, "त्याची कागदपत्रं पूर्ण होती म्हणून तुझ्यापर्यंत आला. ४०० ग्रे खाऊन!"

एवढासा आंबा. पण त्यालाही अर्ज, डोस, तपासणी, शिक्का, सगळं करूनच जावं लागलं. आणि आईचं म्हणणं आता बदललंय बरं का. परवा मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, फाईल एवढीशी असते, पण सही मोठी असते!"

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी "कोणाला सांगू नकोस" म्हणत पेनड्राइव्ह पुढे केला, तर आधी विचारा, "सही कोणाची होती?" बघा पटतंय का!